परत डावीकडे

मी एक जुनी सळई आहे. लांबी हात-सव्वा हात, एक टोक आकड्यासारखं वाकवलेलं आणि अंगावर एक काळी रबरी कडी, एवढाच माझा संसार. मित्रांनो, मी रस्त्यात पडलेली दिसले तर तुम्ही मला पायाने बाजूला साराल. पण एके काळी मोटरसायकलचं मागचं चाक सरळ आहे की नाही, हे माझ्याशिवाय ठरत नसे.

मी वेल्डिंगची कांडी म्हणून जन्मले. पुडक्यातली माझी भावंडं एकेक करून वितळली आणि कुणाच्या तरी फाटकाचा सांधा झाली. मी तेवढी मास्तरांच्या हाती लागले. मास्तर म्हणजे आमच्या गॅरेजचे मालक आणि एकुलते एक कारागीर. त्यांनी माझं टोक वाकवलं, कडी चढवली आणि मला मापाच्या कामाला लावलं.

काम सोपं होतं. मोटरसायकलचं मागचं चाक ज्या दोन दांड्यांमध्ये बसतं, त्याला गॅरेजात चिमटा म्हणतात. चिमट्यावर कारखान्याने रेघा मारलेल्या असतात, पण गाडी एकदा आपटली की त्या रेघांवर विसंबण्यात अर्थ नसतो. म्हणून मास्तर माझा आकडा डावीकडे, चिमटा गाडीच्या सांगाड्याला जिथे जोडलेला असतो त्या खिळीला लावत आणि कडी सरकवत चाकाच्या एक्सलच्या मधोमध आणत. मग तसंच मला उजवीकडे नेत. तिथेही कडी मधोमध आली, तर चाक सरळ. नाही आली तर बोल्ट फिरवायचा. चाक तिरकं राहिलं की त्याला फिरवणारा पट्टा एका कडेला घासतो आणि झिजतो.

उजवीकडचं माप झालं की मास्तर मला परत डावीकडे लावून बघत. मधल्या वेळात माझी कडी हलली तर नाही ना, याची ती खात्री. सुरुवातीची कितीतरी वर्षं त्यांनी हे कधी चुकवलं नाही.

पुढे नाव झालं. लांबलांबून गाड्या येऊ लागल्या. मास्तर मला उंच धरून गिऱ्हाइकांना सांगत, "हिच्यापुढे रेघा झक मारतात." मी खुळी, फुशारून जायची. त्या कौतुकात परत डावीकडे जाणं कधी सुटलं, ते त्यांनाही कळलं नाही आणि मलाही नाही. आणि माझी कडी? ती वाळत चालली होती, तिला बारीक चिरा पडल्या होत्या. गॅरेजातला प्रत्येक वायसर वेळेवर बदलला जाई, पण दिव्याखाली अंधार.

मास्तरांची लेक लिफ्ट दुरुस्त करते. म्हणजे, करायची. उंच इमारतींच्या पोकळीत शिडीवर चढून तारा तपासायच्या, हे तिचं काम. लहानपणी गॅरेजात बापाला बॅटरी धरून उभी राहायची, तीच ही. तिच्या गाडीला नवा पट्टा घालायचा होता. मास्तरांनी सकाळची सगळी गिऱ्हाइकं परत पाठवली आणि लेकीच्या गाडीला हात घातला.

डावीकडचं माप चोख घेतलं. मग लेकीशी बोलत बोलत ते गाडीला वळसा घालून निघाले आणि माझी कडी स्टँडला घासली. तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढी सरकली. मला ते कळलं. मित्रांनो, माझ्याशिवाय कुणालाच कळलं नाही. मास्तरांनी उजवीकडे मला लावलं, कडी मधोमध नाही म्हणून बोल्ट फिरवला आणि सरळ असलेलं चाक माझ्या सांगण्यावरून तिरकं केलं. मला ओरडायचं होतं. लोखंडाला ओरडता येत नाही. आता ते मला परत डावीकडे लावतील, या एका आशेवर मी होते. त्यांनी मला भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलं आणि हात पुसले.

आठ दिवसांनी लेक आली. पट्ट्याच्या कडेला काळी भुकटी दिसते, कुरकुर ऐकू येते, असं म्हणाली.

"बाबा, परत एकदा मोजता का?"

"नवा पट्टा आहे गं. थोडे दिवस कुरकुरेल, मग बसेल. माझी सळई खोटं बोलत नाही."

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. बापाचा शब्द मोडवेना, म्हणून तशीच गाडी घेऊन निघून गेली. मी खिळ्यावर लटकत होते.

महिन्याभराने कामावर जाताना चढावरच्या वळणावर पट्टा तुटला. गाडीचा जोर गेला, गाडी मागे घरंगळली आणि लेक तिच्याखाली सापडली. जीव वाचला. पण घोटा असा मोडला, की शिडी चढायचं काम कायमचं सुटलं.

गाडी टेम्पोतून गॅरेजात आली. मास्तरांनी मला काढलं. डावीकडे मोजलं, उजवीकडे मोजलं आणि कितीतरी वर्षांनी मला परत डावीकडे लावलं. वाटेत कडी सरकलीच होती. त्यांनी ती बोटाने हलवून पाहिली. ती सैल फिरली. ते तिथेच जमिनीवर बसले. त्यांनी मला मोडून टाकलं असतं तर बरं झालं असतं, पण त्यांनी मला जपून खिळ्याला अडकवलं, आणि ते मला जास्त लागलं. त्यानंतर त्यांनी मला हात लावला नाही.

आता गॅरेज लेक चालवते, लंगडत. एक दिवस तिने मला उतरवलं, जुनी कडी कापून फेकली आणि नवी, घट्ट कडी चढवली. बापाला एका शब्दाने दोष दिला नाही. मित्रांनो, मी फक्त वस्तू आहे, माझं चुकलं तरी मला सांगता येत नाही. ज्याच्यावर तुमचा फार भरवसा आहे, ते आधी तपासा.

मास्तर दाराशी स्टुलावर बसून असतात. लेक डावीकडे मोजते, उजवीकडे मोजते आणि हात पुसायला फडकं उचलते. त्या दिवशी मला जे ओरडून सांगायचं होतं, ते मास्तर तेव्हा हळूच सांगतात.

"परत डावीकडे, बाळा."