मावसबहीण

बाईसाहेब रुग्णालयाचा जिना चढून आल्या आणि सरळ पार्लरवालीच्या शेजारी बाकावर टेकल्या, तेव्हाच तिला वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. दर महिन्याला तिच्याकडून केस रंगवून घेणारी, खुर्चीत बसून सगळ्या जगाची उणीदुणी काढणारी ही बाई. नवरा या रुग्णालयाचा विश्वस्त.

"पार्लरला कुलूप दिसलं. शेजारचा शिंपी म्हणाला, तुम्ही इथे आहात."

केस रंगवायला कोणी अतिदक्षता विभागापर्यंत येतं का? पार्लरवालीच्या मनात पाल चुकचुकली. हिला त्या भावानेच पाठवलं असणार, आपल्याला गोड बोलून घरी घालवायला.

भाऊ दारासमोर स्टूल टाकून ठाण मांडून बसला होता. आत त्याची बहीण, शाळेतली गणिताची मास्तरीण, ऑपरेशननंतर नळ्यांच्या गुंत्यात पडली होती. कित्येक वर्षं हा भाऊ तिच्याकडे फिरकलासुद्धा नव्हता. मास्तरीण आणि पार्लरवाली एका घरात संसार करत होत्या, आणि घरमालकापासून मुख्याध्यापिकेपर्यंत सगळ्यांना 'आम्ही मावसबहिणी' असं ठोकून देत होत्या. ते तोंडात इतकं बसलं होतं की इथे नर्सलाही पार्लरवालीने तेच सांगितलं. नेमकं भावासमोर.

"आमच्या आईला बहीणच नाही," तो म्हणाला. झालं, दार बंद. तेव्हापासून ती बाकावरच होती, आणि आज सकाळी डॉक्टर म्हणाले होते, काही सांगता येत नाही.

"आत कोण आहे तुमचं?" बाईसाहेबांनी विचारलं.

"मावसबहीण."

"ते इथे चाललं नाही ना? खाली काउंटरवर कळलं मला. खरं सांगा. त्याशिवाय मी काय बोलू इथल्या लोकांशी?"

हिला एवढं काय पडलंय? क्लबात चघळायला विषय हवाय? रुग्णांना फळं वाटतानाचे हिचे फोटो पार्लरवालीने पाहिले होते. सांगावं तर उद्या पार्लर बसेल, मास्तरणीची नोकरी जाईल. न सांगावं तर ती आत एकटीच मरून जाईल. असं कोंडीत धरल्याबद्दल पार्लरवालीला बाईसाहेबांचा भयंकर राग आला.

"माझी बायको म्हणा, नाहीतर काय म्हणायचं ते म्हणा!" ती खेकसली. "आमचं घर आहे. दोघींचं. झालं समाधान?"

बाईसाहेब उठून दाराकडे गेल्या. त्यांना पाहून भाऊ ताडकन उभा राहिला.

"आतल्या बाईंच्या घरचं माणूस आलंय," त्या नर्सला म्हणाल्या. "आत सोडा."

"मॅडम, आमच्या घरातलं तुम्हाला माहीत नाही!"

"माहीत आहे. आत्ताच कळलं. तक्रार करायची तर माझ्या नावाने करा." आणि त्याच्याच स्टुलावर, पर्स मांडीवर घेऊन, त्या दाराला लागून बसल्या.

नर्सने दार उघडलं. इतकं सोपं होतं! हात जोडून, रडून जे मिळालं नव्हतं, ते हिच्या एका वाक्यात मिळालं. पार्लरवालीच्या डोळ्यांत संतापाने पाणी आलं. तसंच ते घेऊन ती आत गेली.

मास्तरणीने डोळे किलकिले केले. "तुला कोणी सोडलं?"

"केस रंगवायला येतात त्या बाईसाहेबांनी."

"का?"

"अजून कळलं नाही."

काचेतून बाहेरचं दिसत होतं. भाऊ हातवारे करत होता, बाईसाहेब जागच्या हलत नव्हत्या. आता ही उठेल, आता भावाच्या बाजूची होईल, म्हणून पार्लरवाली टक लावून पाहत राहिली.

"तिला काय सांगितलंस?" मास्तरणीने विचारलं.

"खरं."

मास्तरणीची बोटं चादरीवरून चाचपडत आली.

"मग आता इकडे बघ," ती म्हणाली.

पार्लरवालीने दाराकडे पाठ केली.