बिघाडांचा नकाशा

अंगठ्याने कळ दाबली तशी हातातल्या मोजणीयंत्रावर नवाचे दहा झाले. शेवटचा प्रवासी धापा टाकत आत येऊन बसला आणि चौदा नंबरची बस दवाखान्याच्या रस्त्याला वळली.

मोजणारी बाई शहर बससेवेच्या नियोजन विभागात संशोधक होती. दोन वर्षं खपून तिने सगळ्या शहराचं नवं वेळापत्रक रचलं होतं आणि उद्या सकाळी अकराच्या बैठकीत त्याला मंजुरी मिळायची होती. त्यातली कळीची गोष्ट म्हणजे दवाखान्याचा वळसा बंद करणं. त्या थांब्यावर महिन्याला जेमतेम तीन माणसं चढतात-उतरतात, असं बसच्या दारावरची यंत्रं सांगत होती. तिघांसाठी दर फेरीला अकरा मिनिटं कोण उधळणार? तिच्या मनात किंतु नव्हता. आजची फेरी नुसती रीत म्हणून. कळसाचं दर्शन झालंच होतं, गाभाऱ्यात डोकावायचं तेवढं राहिलं होतं.

वाहकबाई तोंडाची फटकळ होती. हातावर पट्टी बांधलेल्या एका आजोबांनी उठायची घाई केली तशी ती म्हणाली,

"बसा हो आजोबा. दवाखाना काही पळून जात नाही. गेला तर आपण बस घेऊन मागे जाऊ."

बस थांबली, दार उघडलं. पिशवी वाहकबाईच्या हातात देऊन आजोबा उतरले. त्यांच्यामागे कोणी काठी टेकत, कोणी पोटाशी मूल धरून, असे आठजण उतरले आणि सहाजण चढले. फाटकाच्या आतून एक बाई हात हलवत येत होती, तिच्यासाठीही चालक थांबून राहिला. संशोधक बाईंचा अंगठा भराभर चालला आणि मग एकाएकी थबकला. बाहेर दवाखान्याचं फाटक होतं. थांब्याचा पिवळा खांब पुढे, उताराच्या पायथ्याशी, चांगला दीडशे पावलांवर एकटाच उभा होता.

"थांबा तर पुढे आहे," ती म्हणाली.

"खांब पुढे आहे," वाहकबाई म्हणाली. "माणसं इथे आहेत."

चालकाने आरशातून मागे पाहिलं. थांबा सोडून दार उघडलं की निलंबन, हे त्याला पाठ होतं. दुसऱ्या टोकाला बस रिकामी झाल्यावर तो खाली उतरला आणि संशोधक बाईंपुढे घुटमळला. त्याला शिकवणारे जुने चालक तिथेच थांबायचे, म्हणून तोही थांबतो. खाली उतरवून आजारी माणसाला परत चढ चढायला लावलं तर धडधाकट नातेवाईकसुद्धा दवाखान्यात भरती व्हायचा, असं त्याने हसत सांगून पाहिलं. मग हसू आवरून विचारलं,

"माझं नाव लिहिणार का, ताई?"

"आधी माझं लिहायचं आहे," ती म्हणाली.

चालकाला ते कळलं नाही. तिला मात्र लख्ख कळलं होतं. यंत्रांनी प्रत्येक वेळी दार उघडल्याची इमाने इतबारे नोंद केली होती. पण नकाशावर थांब्याच्या खांबाभोवती आखलेल्या वर्तुळाबाहेर दार उघडलं तर तो बिघाड समजून नोंद काढून टाकायची, हा नियम तिने स्वतः घालून दिला होता. इतकी स्वच्छ आकडेवारी या विभागाने कधी पाहिली नाही, म्हणून साहेबांनी चारचौघांत तिची पाठ थोपटली होती.

कचेरीत येऊन तिने काढून टाकलेल्या नोंदींचा ढिगारा उघडला आणि नकाशावर पसरला. बिघाड असता तर ठिपके धुळीसारखे कुठेही विखुरले असते. हे तसे नव्हते. दवाखान्याच्या फाटकाशी दाट पुंजका होता; एक शाळेच्या मागच्या दाराशी, एक कारखान्याच्या भिंतीतल्या खिंडाराशी. शहरभर कुणी ना कुणी, कुणासाठी ना कुणासाठी, नियम मोडून दार उघडत होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण तिची आई तिच्यावर लहानपणापासून वापरत आली होती. आज ती तिने स्वतःच स्वतःवर वापरली.

साहेबांनी नकाशा पाहिला, चष्मा काढला, पुसला, परत लावला. बैठक पुढे ढकलली तर वर काय सांगायचं, हा त्यांचा पहिला प्रश्न. चालकांवर कारवाई करावी लागेल का, हा दुसरा. तिने आधी दुसऱ्याचं उत्तर दिलं: चालक जागच्या जागी आहेत, खांब चुकलेत; हलवायचे ते खांब.

"दोन वर्षांचं काम एका दिवसात पालथं घालणार?"

"पालथंच होतं, साहेब. सुलटं करायला महिना द्या."

तिचा आवाज सकाळी होता तितकाच ठाम होता. साहेबांनी फोन उचलला.

निघण्यापूर्वी तिने नकाशा शेवटचा एकदा चाळला. शहराच्या उत्तर टोकाला एक ठिपका होता. कामाच्या दिवशी रोज, संध्याकाळी सहा चाळीसच्या आसपास. तिने जागा मोठी करून पाहिली आणि खुर्चीत मागे टेकून बसली.

सहा चाळीसला तिची बस औषधाच्या दुकानाच्या कोपऱ्यावर सवयीने मंदावली आणि थांबली. नऊ वर्षं ती इथेच उतरत होती. समोरच तिची गल्ली. पुढे साठ पावलांवर पिवळा खांब होता. त्याच्याकडे तिने आजवर मान वर करून पाहिलं नव्हतं.

"ताई, उतरताय ना?" वाहकाने विचारलं.

तिने पर्समधून मोजणीयंत्र काढलं, शून्यावर आणलं. मग पायरी उतरून रस्त्यावर उभी राहिली आणि कळ दाबली.

एक.