सहासष्टची चाल

मी एक जुनी मेमरीची पट्टी आहे. दोन बोटं रुंद, वीतभराहून थोडी कमी लांब, अंगावर आठ काळ्या चिपा आणि तळाशी सोनेरी दात. मित्रांनो, दातांना घाबरू नका. आजवर मी कुणाला चावले नाही. मला मात्र लोकांनी खोडरबरनं घासलं, फ्रीजमध्ये कोंडलं आणि एकदा बटाट्याच्या सालींबरोबर बिनमध्ये टाकलं. तरी शेवटी जिंकले मीच.

माझा जन्म तैवानमधल्या एका कारखान्यात झाला. तिथल्या बाईंनी मला तपासलं आणि पाठीवर स्टिकर मारला: ६६. म्हणजे सेकंदाला सहा कोटी साठ लाख ठोके. ऐकून तुम्हाला धाप लागेल, पण आमच्यात ही बेताचीच चाल. माझ्यात एक खोटही आहे, ती आधीच सांगते. वीज गेली की मी सगळं विसरते. जपून ठेवायचं काम डिस्कचं. माझं काम फक्त हातात धरून ठेवायचं.

सत्त्याण्णव साली मी लंडनमधल्या इल्फर्डला एका घरातल्या कॉम्प्युटरमध्ये आले. मुंबईहून आलेलं मराठी ज्यू कुटुंब. गर्शोन कौन्सिलच्या पार्किंग ऑफिसात, त्याची बायको एलिशेबा हॉस्पिटलच्या रेकॉर्ड्समध्ये, आणि गर्शोनची आई साराआजी, वय एकोणऐंशी. आजीला जुन्या करारातल्या योसेफाचं आख्खं मराठी कीर्तन पाठ होतं. सगळ्या लंडनमध्ये ते येणारी ती एकटीच उरली होती. वही इतकी पिवळी पडलेली की शाई आणि डाग वेगळे ओळखू येत नव्हते. नातवंडांना तर मराठी वाचताच येत नव्हतं. म्हणून आजी रोज चहानंतर एकेक ओळ म्हणायची आणि एलिशेबा ती इंग्रजी अक्षरांत टाइप करायची.

"काय फास्ट आहे गं तुझं मशीन," आजी म्हणायची. त्या वर्षी माझ्याइतकं सुखी कुणी नव्हतं.

मग गर्शोन एका चर्चच्या हॉलमधल्या कॉम्प्युटर फेअरला गेला आणि नवा प्रोसेसर घेऊन आला. प्रोसेसर आणि माझ्यातल्या ये-जा करायच्या रस्त्याला बस म्हणतात. जुन्याची बस सहासष्टची, या नव्याची शंभरची. मदरबोर्डानं कुणाला न विचारता मलाही शंभरला जुंपलं. मित्रांनो, नऊवारी नेसलेल्या बाईला शर्यतीत पळवून बघा! माझ्या हातातून अक्षरं सांडायला लागली. पाच मिनिटांत स्क्रीन निळाशार आणि मशीन ठप्प.

तो डिसेंबरातला शुक्रवार होता. शनिवारी शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, संपल्यावर सहाला समाजाच्या हॉलमध्ये मलिदा, म्हणजे एलियाहू हानाबी या प्रेषिताच्या नावानं पोहे-नारळाचा प्रसाद, आणि आजीचं कीर्तन ठरलेलं. शुक्रवारी साडेतीनला शब्बाथाच्या मेणबत्त्या लागल्या की मग कॉम्प्युटरला काय, दिव्याच्या बटणालाही कुणी हात लावणार नव्हतं. त्याआधी बारा पानं छापून कोपऱ्यावरच्या दुकानात तीस कॉपी काढायच्या. आणि दुसऱ्या पानावर निळा पडदा.

"जुना प्रोसेसर परत लाव," एलिशेबा म्हणाली.

"तो दिला ना मी पार्ट-एक्सचेंजमध्ये."

"शाबास!"

"अगं, प्रॉब्लेम त्याचा नाहीये. मेमरी खराब झालाय."

"झालीय," आजी खुर्चीतून म्हणाली.

"आई, प्लीज! ग्रामर नंतर."

त्यानं मला उपटलं, खोडरबरनं दात घासले, फुंकर मारली. पडदा निळाच. मग कुणीतरी ऑफिसात सांगितलेलं आठवलं की गरम झालं की असं होतं. मला घेऊन तो फ्रीजपाशी गेला आणि तिथंच थबकला. धर्माच्या नियमानं या घरात मटण आणि दूध एकत्र ठेवत नाहीत.

"आई, ही कुठे ठेवू? मटणाच्या शेल्फवर की दुधाच्या?"

आजीनं खरंच विचार केला. "खाण्यातली नाही, तर कुठंही ठेव. पण मटणाच्या नको. तिथं जागा नाही."

मी वीस मिनिटं दह्याच्या डब्यावर कुडकुडत पडले. गर्शोननं हात जोडले. "एलियाहू हानाबी, एवढं चालू कर, मलिद्याचा नारळ माझा." पडदा निळा. "पाच नारळ!" पुन्हा निळा. "अकरा, आणि सगळे मी खवणार!" तरीही निळाच. तेव्हा त्यानं मला बिनमध्ये टाकलं आणि नवी पट्टी आणायला गाडी काढली. वीस मिनिटांनी त्याचा फोन आला. दुकानदार म्हणतो, मंगळवारी या.

दोन वाजले होते. बिनमधून मला आजीचा आवाज ऐकू आला.

"जाऊ दे एली. मी एकटीच म्हणेन. माझ्याबरोबर संपलं तर संपलं."

 एलिशेबा मदरबोर्डाचं बारीक अक्षरातलं पुस्तक चाळत होती.

"एक सांग," आजी म्हणाली. "जुना होता तेव्हा ही पट्टी चालायची ना?"

"मस्त चालायची."

"मग ती कशी बिघडली? आमचा झकेरियामामा टाळ असा पळवायचा की माझे शब्द गळायचे. मी गाणं बदललं नाही. त्याला म्हटलं, तू पळ हवं तेवढा, मला माझ्या चालीनं म्हणू दे."

एलिशेबाचं बोट एका ओळीवर थांबलं. तिनं बिनमध्ये हात घातला, साली झटकल्या, कोरड्या फडक्यानं मला पुसलं आणि जागेवर बसवलं. मशीन सुरू होताना डिलीटचं बटण दाबून सेटिंगचं पान उघडलं. मेमरीचा वेग: 'प्रोसेसरच्या बसइतका'. तिनं तो बदलला. सहासष्ट.

आहाहा! प्रोसेसर त्याच्या शंभरनं, मी माझ्या सहासष्टनं, आणि मधली चिप दोघांची वेळ जुळवून देणार. एकही अक्षर सांडलं नाही. बाराच्या बारा पानं! एलिशेबा कोट न घालता दुकानाकडे पळाली आणि तीन सत्तावीसला गठ्ठा घेऊन दारात. गर्शोन तिच्या मागोमाग शिरला.

"चाललं? कसं?"

"तू बाहेर गेलास ना, म्हणून," आजी म्हणाली आणि मेणबत्त्यांकडे वळली.

हॉलमध्ये काय झालं ते मला रविवारी एलिशेबा फोनवर सांगत होती तेव्हा कळलं. गर्शोननं अकरा नारळ खवले, त्यात दोन बोटं सोलली. आजी कीर्तनाला उभी राहिली, आणि योसेफाला विहिरीत टाकतात त्या कडव्याला अडकली. पुढची ओळ येईना. मग मागून तिच्या नातीनं कागदावर बघून ओळ उचलली. मागोमाग तीसजण. आजी हसली, टाळी धरली आणि पुढे निघाली.

मित्रांनो, आता मी निवृत्त, शॉर्टब्रेड बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात असते. एवढंच मागते, कुणी अडखळलं तर त्याला बिन दाखवण्याआधी त्याच्या पाठीवरचा आकडा वाचा.

आणि ते कीर्तन? वीज गेली, मला त्यातली एकही ओळ आठवत नाही. इल्फर्डला कुणालाही विचारा.