काठाला पाच बोटं

नऊ बोटं

कामावर निघता निघता लेकीने काचेवरची लाल रेषा दाखवली. "अप्पा, या रेषेवर लक्ष ठेवा हं. पाणी रोज उडतं, थोडं घालावं लागतं." आणि गेली. दातांच्या कवळ्या बनवणारी बाई, केसभर चूक चालत नाही तिच्या कामात, पण बोलताना निम्मं वाक्य तोंडातच ठेवायची खोड.

बैठकीत पोवळ्यांची चार फुटी टाकी. तिच्या खालच्या कपाटात दुसरी, छोटी. वरचं पाणी एका नळीने खाली उतरतं, गाळलं जातं, पंप ते दुसऱ्या नळीने परत वर चढवतो. लाल रेषा खालच्या टाकीवर, काठापासून नऊ बोटं खाली.

अप्पांनी एकतीस वर्षं शहराच्या पाण्याच्या टाकीवर ऑपरेटर म्हणून काढली. त्या टाकीवरही लाल रेषा होती. पाणी तिच्याखाली गेलं की सकाळी लोक बादल्या घेऊन शिव्या द्यायला हजर. लाल म्हणजे याच्या खाली नको. लाल रेषेचा आणखी काही अर्थ असू शकतो, हे त्यांच्या कधी कानावर आलं नव्हतं.

"निम्मी रिकामी ठेवलीये पोरीने," अप्पा पुटपुटले आणि गाळलेल्या पाण्याच्या दोन बादल्या ओतून मोकळे झाले.

पाच बोटं

अकरा वाजून पाच मिनिटांनी लाइट गेले. दुरुस्तीसाठी जाणार, अशी चिठ्ठी जिन्यात लावलेली होती, अप्पांनी ती वाचलीही होती. बॅटरीवरचा बुडबुड्यांचा पंप आपोआप सुरू झाला. मासे मजेत.

मोठा पंप थांबला. वर चढणारं पाणी थांबलं.

उतरणारं थांबलं नाही.

चार बोटं

खालच्या मजल्यावर घरमालकीणबाई राहतात, शिवणकाम करतात. गेल्या वर्षी या टाकीचं पाणी त्यांच्या छतातून गिऱ्हाइकाच्या तयार कोटावर टपकलं. खारं पाणी, डाग गेलाच नाही. बाई वर आल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "आणखी एक थेंब खाली आला, की टाकी माझ्या घरातून जाईल. तुम्ही राहा खुशाल."

नखाएवढ्या तुकड्यांपासून सहा वर्षं वाढवलेली पोवळी. ती कुठे जाणार?

तीन बोटं

फोन. लेक.

"अप्पा, लाइट गेले ना? घाबरू नका. वरचं थोडं पाणी खाली येतं, चार बोटं चढतं आणि थांबतं. त्यासाठीच जागा सोडलीये."

अप्पांनी वाकून कपाटात पाहिलं.

"अप्पा?"

"चार बोटं कुठून?"

"लाल रेषेपासून. का हो?"

"पोरी, मी दोन बादल्या घातल्या."

पलीकडे कवळी घासायच्या मशीनची घरघर ऐकू येत राहिली.

दोन बोटं

पाचातून चार गेले, एक उरतो. अप्पांनी तीनदा मोजलं, तीनदा एकच उरला. एक पुरे की!

एक बोट

इथे थांबायला हवं होतं.

एक बोट, जरा कमी

कपाटाचं दार अरुंद, बादली आत शिरेना. अप्पा मग्याने उपसू लागले. मग्यापेक्षा नळी चलाख निघाली.

"थांबत नाही गं!"

"मग पंपाची नळी उलटी ओढतेय! अप्पा, वरच्या टाकीत बघा. त्या नळीला एक भोक पाडलंय. पाणी उतरलं की ते उघडं पडतं, आत हवा शिरते आणि—"

"धार तुटते. हे तू मला सांगतेस?"

एकतीस वर्षं त्यांनी लाइनीतली हवा काढली होती. हवा अडकली की अख्खी गल्ली कोरडी. आता तीच हवा हवी होती. त्यांनी नळीला कान लावला. हवा ओढणारी नळी गुरगुरते. ही मुकी होती.

अर्धं बोट

भोक पाण्याच्या वर आलेलं होतं. नेमकं त्याच्यावर हरभऱ्याएवढी गोगलगाय चिकटून बसली होती.

"माफ कर बाई," म्हणत अप्पांनी नखाने तिला उचकटली.

सुर्रर्र.

नळीने श्वास घेतला. खालचं पाणी काठाशी येऊन नुसतं थरथरत राहिलं. अप्पांनी गुडघे टेकले, फरशीवरून हात फिरवला. कोरडी.

दारावर थाप.

"भाऊ, कसली धावपळ चाललीये वर?"

काही नाही म्हणता आलं असतं. पण कोपरापर्यंत ओल्या हाताने माणूस किती खोटं बोलणार? "या बाई," म्हणून त्यांनी सगळं सांगितलं. रेषा, बादल्या, गोगलगाय.

बाईंनी वाकून काठ पाहिला.

"आणि पुढच्या वेळी गोगलगाय परत बसली तर?"

"दुसरं भोक पाडतो. एकावर बसेल, दोन्हीवर कशी बसेल?"

"मग दाखवा. मी खाली छताकडे बघत उभी राहते. कोरडं राहिलं तर टाकी राहील."

परत नऊ

संध्याकाळी लेक आली. लाइट आलेच होते, पाणी वर चढलं होतं. दोघांनी जादा पाणी उपसलं, तिने पाण्यातलं मीठ मोजलं, बादल्यांच्या गोड्या पाण्याने उतरलेलं मीठ दोन दिवसांत हळूहळू भरून काढायचं ठरवलं. अप्पांनी नळीला दुसरं भोक पाडलं. मग पहिल्यावर मुद्दाम बोट दाबून धरलं.

"तुम्ही गोगलगाय व्हा," लेक म्हणाली, "मी बटण बंद करते."

आठ, सात, सहा

फोन चालू होता. खालून बाईंच्या शिवणयंत्राचाही आवाज नाही.

सुर्रर्र.

"भाऊ, कोरडं आहे हो," फोनमधून आलं.

"आणखी दहा मिनिटं बघा, बाई," अप्पा म्हणाले. बोट अजून भोकावरच होतं.

पाच बोटं