खोक्याचं दार

पारनेरच्या राजेश्वरीबाई शाळेतून निवृत्त झाल्या, तेव्हा घरच्यांना वाटलं, आता या चारधाम करतील, नातवंडं सांभाळतील. बाईंनी भलतंच मनावर घेतलं. ओळखीपाळखीची चार माणसं जमवली, त्यांतल्याच बिभीषणचा टेम्पो मागून घेतला, आणि जिथे मोठ्यांची भांडणं पेटून गेली असतील अशा गावात रविवारी जाऊन पोरांना खेळू द्यायचं, एवढंच काम सुरू केलं. शिकवणं नाही, भाषण नाही, खाऊ वाटून फोटो काढणं नाही. टेम्पोत जुने टायर, दोरखंड, जुनी लुगडी, चिंध्यांचे चेंडू आणि दुकानांतून मागून आणलेली पुठ्ठ्याची मोठमोठी खोकी. बिभीषणची बायको म्हणायची, "भंगारवाल्याचा टेम्पो तरी ह्याच्यापरास बरा दिसतो." पण दर रविवारी ती नवऱ्याबरोबर सगळ्यांना पुरेल एवढी भाकरी-चटणी बांधून द्यायची.

त्या साली बाई ज्या गावाला जाऊ लागल्या ते सोनईच्या पलीकडचं. गावाचं नाव सांगण्यात अर्थ नाही. त्याला आधीच पुष्कळांनी नावं ठेवली होती. एका संध्याकाळी कुणाच्या तरी मोबाईलवर एक चित्र आलं. ते कुणी धाडलं याचा पत्ता पुढे पोलिसांनाही लागला नाही. पण दिवेलागणीच्या आत बाजारपेठेत दगड पडू लागले, दोन्ही समाजांची दुकानं जळाली. पुढे सगळं शांत झालं, शटरं उघडली. फक्त ज्याचा त्याचा किराणा ज्याच्या त्याच्या माणसाकडून येऊ लागला, आणि शाळेत पोरं दोन भिंतींना पाठ लावून बसू लागली.

पहिल्या रविवारी शाळेच्या मैदानात पोरं आली ती अशीच, दोन टोळक्यांनी. जरा वेळ टायर ढकलले, दोरीला लोंबकळली. मग एक जण ओरडला, "ए, दंगल खेळू!" आणि बघता बघता चिंध्यांचे चेंडू दगडांसारखे उडू लागले. कुणी पोलीस झालं, कुणी शटर ओढलं, कुणी 'आग, आग' म्हणून बोंबललं.

बाईंच्या मंडळात नव्यानेच आलेली सुकन्या धावलीच. "अरे, असलं काही नाही खेळायचं!"

बाईंनी तिचा हात धरला. "खेळू दे."

"बाई, आपण हे विसरायला लावायला आलोय ना?"

"विसरायला लावणं आपल्या हातात असतं तर काय पाहिजे होतं! कुणाला लागत नाही ना, तेवढं बघ फक्त."

त्या गोंधळात एक मुलगी कडुनिंबाखाली नुसती उभी होती. आठेक वर्षांची, फ्रॉकवर स्वेटर, तोही उलटा घातलेला. ती अल्मास. तिच्या वडिलांचं, मेहताबचं, बाजारात वेल्डिंगचं दुकान होतं, ते जळालं होतं. ती कशातच खेळेना. बाईही तिला बोलवेनात. जाता-येता जवळ एखादी वस्तू ठेवून जायच्या.

दोन-तीन रविवार असेच गेले. मग एकदा बिभीषणनं फ्रिजचं रिकामं खोकं आणलं, माणूस उभा राहील एवढं. अल्मास त्याच्याभोवती फिरली आणि बाईंना म्हणाली, "ह्याला दार करून द्या."

बाईंनी चाकूनं एका अंगाला तीन बाजूंनी कापून दार केलं. आतून बंद करायला सुतळीची कडीही लावून दिली. अल्मास गेली ती थेट पलीकडच्या टोळक्यात, आणि एका मुलीचा हात धरून तिला घेऊन आली. कार्तिकी तिचं नाव. दोघींच्या घरांची भिंत एकच, हे बाईंना नंतर कळलं.

"तू आत जा. कडी लाव," अल्मास म्हणाली.

कार्तिकी काही न विचारता आत गेली. अल्मासनं दार वाजवलं. "काकू, दार उघडा. काकू, मी हाय, अल्मास." आतून आवाज नाही. तिनं पुन्हा वाजवलं, मग दोन्ही हातांनी वाजवलं. मग पाठ फिरवून कडुनिंबामागे जाऊन उकिडवी बसली. बाईंनी खोक्याच्या फटीतून पाहिलं. कार्तिकी आत स्वतःच्याच तोंडावर घट्ट हात दाबून उभी होती.

दर रविवारी दोघी हाच खेळ खेळू लागल्या. बोलणं तेच, वाजवणं तेच. दार कधी उघडत नसे.

एव्हाना गावातल्या बायकाही कुंपणाच्या भिंतीपाशी येऊन बघत बसू लागल्या होत्या. एका रविवारी बाई दोरखंड गुंडाळत असताना त्यांच्यातली एक जवळ आली. कार्तिकीची आई, मोनिका. तिचा चेहरा उतरलेला होता.

"बाई, त्यो खेळ बंद करा."

"कोणता?"

"तुमाला म्हाईत हाय कोनता ते." ती इकडेतिकडे बघून खाली बसली. दोरखंडाचं दुसरं टोक तिनं उगाचच हातात घेतलं. "त्या सांजच्याला मालक घरी नव्हते. रस्त्यात आरडाओरड चाललेली. अल्मासची आई, जरीना, पोरांना घिऊन माझ्या दाराशी आली. अल्मास हाका मारीत हुती. मी आत हुते, बाई. कार्तिकीच्या तोंडावर हात दाबून हुबी हुते. मला वाटलं, ह्यांना आत घेतलं आन् कुनी बघितलं, तर माझं घर पेटवतील. मी न्हाई उघडलं."

"मग?"

"मग त्या पाठीमागनं उसात गेल्या. रातभर उसात बसल्या. तिचा ल्हानगा तापानं फनफनला. वाचला, देवाची किरपा." मोनिकानं डोळ्यांना पदर लावला. "जरीना एका शब्दानं बोलली न्हाई मला. आन् ही पोरगी अजून काकूच म्हनती. ते सोसवत न्हाई."

बाईंनी दोरखंडाचा वेढा सोडून पुन्हा गुंडाळला.

"तुमच्या जागी मी असते तर उघडलं असतं का, मला नाही सांगता यायचं," त्या म्हणाल्या. "पण खेळ मी बंद केला, तर पोरी तो मनात खेळतील, मोनिकाबाई. इथं निदान उजेडात खेळतात."

मोनिका दोरखंड टाकून तरातरा निघून गेली. बाईंना वाटलं, आता ही कार्तिकीला काही धाडत नाही.

पुढच्या रविवारी मोनिका आली ती भिंतीपाशी थांबलीच नाही. पदर खोचून सरळ मैदानात आली. पोरं खेळायची थांबली. ती खोक्यापाशी गेली आणि अल्मासला म्हणाली, "मला घेता का खेळात?"

अल्मासनं तिच्याकडे पाहिलं. मग अगदी व्यवहारी आवाजात म्हणाली, "घेऊ. पन तुमी बाहेर."

आणि ती स्वतः खोक्यात शिरली. सुतळीची कडी लावल्याचा आवाज आला.

मोनिका ओशाळं हसली. भिंतीवरच्या बायकाही हसल्या. तिनं बोटांनी पुठ्ठ्यावर टिचक्या मारल्या. "अल्मास, दार उघड गं. मी हाय, मोनिकाकाकू."

आतून काही नाही.

"आई, तसं न्हाई," कार्तिकी म्हणाली. "जोरात वाजव. ती लई येळ वाजवत हुती."

मोनिकानं जोरात वाजवलं. पुन्हा वाजवलं. "अल्मास, उघड की गं." तिचा आवाज बदलला तसं भिंतीवरचं हसणं बंद झालं. ती गुडघे टेकून मातीत बसली, दोन्ही तळवे दारावर ठेवले. "उघड गं बाई. चुकलं माझं. लई चुकलं."

भिंतीच्या पार टोकाला लहानग्याला काखेत घेऊन जरीना उभी होती. तिनं सगळं ऐकलं, पण जागची हलली नाही.

बऱ्याच वेळानं खोक्यातून आवाज आला. "आज न्हाई उघडायची मी."

"बरं," मोनिका म्हणाली. "मग हितंच बसू का?"

"बसा."

ती उन्हात बसून राहिली. जरीना केव्हा निघून गेली ते कुणाला कळलं नाही. सुकन्या रडत होती, तिला बाईंनी टायर गोळा करायला पाठवलं.

त्या संध्याकाळी मोनिका शेजारच्या दारात गेली, हे बाईंना कार्तिकीनं नंतर सांगितलं. जरीना या म्हणाली नाही की जा म्हणाली नाही. मोनिका उंबऱ्याबाहेर उभीच. तेवढ्यात आत दूध उतू जाऊ लागलं. जरीनानं कडेवरचं पोर तिच्या हातात दिलं, "धरा जरा," म्हणाली आणि आत धावली. मेहताब मात्र कार्तिकीच्या बापाशी अजून बोलत नव्हता. आणि बोलेल याची खात्रीही कुणाला नव्हती.

खेळ पुढेही चालला. मोनिका येऊन दार वाजवायची, अल्मास नाही म्हणायची. मग एका रविवारी दार बोटभर उघडलं. आतून एक डोळा दिसला.

"कोन हाय?"

"मी."

"एकल्याच?"

"एकलीच."

अल्मासनं दार ढकललं आणि घामाघूम होऊन बाहेर आली. "आत लई उकडतंय," म्हणाली आणि पाणी प्यायला पळाली. मोनिका उघड्या दाराकडे बघत राहिली. मग तिनं आत डोकावून पाहिलं, जणू आत अजून कुणीतरी असावं.

त्यानंतर त्या खेळाची गोडी गेली ती गेलीच. पोरांनी खोकं आडवं पाडून त्याची घसरगुंडी केली. सुकन्यानं विचारलं, "बाई, दाराचा खेळ का बंद झाला?"

"कंटाळा आला त्यांना," बाई म्हणाल्या. एवढ्या आनंदानं त्या हे वाक्य म्हणाल्या की सुकन्या बघतच राहिली.

पलीकडे लगोरी रंगली होती. कार्तिकी आणि अल्मास एकाच गटात होत्या. रचलेली लगोरी कुणाच्या धक्क्यानं पडली यावरून दोघींत जुंपली. एकीनं दुसरीची वेणी ओढली, दुसरीनं चिमटा काढला. भिंतीवर बायकांच्या रांगेत जरीना आणि मोनिका बसल्या होत्या. शेजारी शेजारी नाही, मध्ये तीन-चार जणी होत्या. पण ओरडल्या दोघी एकदमच.

"अगं ए, भांडू नगा गं!"

पोरींनी ऐकलं नाही. बाईंनीही त्यांना सोडवलं नाही.