एका बाकाचं विज्ञान

बांध दोन बोटं सरकला म्हणून माझा भाऊ आणि शेजारचा सुतार भर उन्हात एकमेकांच्या अंगावर धावून गेले. ढेकळं तापलेली, डोकी त्याहून जास्त. घरी येताच भावानं लेकीला बजावलं, "त्याच्या पोरीशी बोललीस तर तंगडं मोडीन!"

लेक म्हणजे माझी भाची, भिंगरी. तिच्या हाताला स्वस्थता म्हणून नाही. सुताराच्या पोरीला सगळे पोपट म्हणायचे. एकदा वाचलं की घडाघडा बोलणार. दोघी शाळेत एकाच बाकावर, संध्याकाळी आमच्या ओट्यावर. पोपट वाचायची, "हवा संपली की ज्योत विझते." भिंगरी लगेच मेणबत्तीवर बरणी उपडी घालायची. "मग ही अजून कशी जळतेय गं?" झालं, दोघींची जुंपायची. उत्तर निघेपर्यंत माझी काडेपेटी रिकामी! मी ओरडायचे, पण मनातून बरं वाटायचं.

मी भावाला म्हटलं, "दादा, परीक्षा तोंडावर आलीय. पोरींना कशाला मध्ये ओढतोस?"

"विज्ञान काय सुताराच्या घरचं आहे?" असं म्हणून त्यानं बाजारातून जाडजूड गाईड आणलं. "घे, यात त्या पोपटापेक्षा जास्त आहे."

बिचारी रोज ते गाईड उघडून बसायची. दोन ओळी झाल्या की मान वर करून शेजारी बघायची, आणि शेजारी कुणी नसायचं. तिकडे पोपटही पाठ म्हणायची, पण वर्गात बाईंनी "असं का होतं?" विचारलं की पुन्हा तीच ओळ म्हणायची. मला त्या दोन्ही बापांचा असा संताप यायचा!

दोघी नापास झाल्या, तेही फक्त विज्ञानात. पोपटाला शहरात मावशीकडे शिवणकामाला धाडलं. भिंगरीच्या हातात खुरपं आलं.

मग दोघांची सामाईक विहीर आटली. एकट्याला नवी खोदणं परवडेना, तसे दोघे बाप गोडीत आले. बांधावर बसून एकमेकांना तंबाखू काय देतात, हसतात काय! मी पाणी घेऊन गेले तेव्हा भाऊ वाफ्यातल्या भिंगरीला मोठ्यानं म्हणाला, "पोपट सुट्टीला येतेय गं. आता खुशाल बोल तिच्याशी!"

भिंगरीनं मान वर केली.

"बोलेन की, बाबा. पण कशाबद्दल बोलू?"

भावानं सुताराकडे पाहिलं. सुतारानं तंबाखू मळता मळता हात थांबवला. पोर पुन्हा खाली वाकून गवत काढू लागली.