टोपीखालचा वारा

मी एक वारामापक बोलतोय. तीन वाट्या आणि मधे एक दांडी, एवढाच माझा संसार. वारा आला की वाट्या फिरतात आणि मी आकडा सांगतो. बाकी मला काहीएक येत नाही, आणि जे येतं ते लोकांना नको असतं.

माझा जन्म कोर्दोबा शहरातल्या एका कारखान्यात झाला. तिथून मला पाम्पाच्या मैदानात आणलं, ओस्मार नावाच्या माणसाकडे. लोकांच्या सोयाबीनवर तो भाड्याने फवारणी करून देतो. त्याचं यंत्र म्हणजे उंच चाकं आणि दोन्हीकडे पसरलेले लांबच लांब हात, हातांना औषधाचे नळ. इकडे सगळे त्याला डास म्हणतात. त्या डासाच्या टपावर मला बसवलं. खाली केबिनमध्ये संगणक. तण कुठे आहे, कुठला नळ उघडायचा, सगळं तोच ठरवायचा. पण मी ताशी पंधरा किलोमीटरच्या वर आकडा सांगितला की औषध उडू नये म्हणून मुकाट्याने सगळे नळ बंद करायचा. एवढं मोठं धूड माझ्या शब्दावर थांबतं, याचा मला फार अभिमान होता.

तणाचं औषधही नवीन होतं. प्रयोगशाळेतल्या लोकांनी म्हणे त्याचा थेंब जड केला होता, उडायचाच नाही. विकायला आलेला माणूस हे सांगत होता तेव्हा नाकाला रुमाल लावून उभा होता.

यंत्र चालवायचा एलिसेओ. भला माणूस, अबोल. डोक्यावर कायम काळी लोकरी टोपी, मांडीशी थर्मास आणि नळीने ओढायचा येर्बाच्या पानांचा कडू काढा. लग्नाला आठ वर्षं झाल्यावर त्याच्या बायकोला, यानिनाला, दिवस गेले होते. सहावा महिना चालू होता. केबिनमध्ये कोणी नसताना हा बाबा पोरांची नावं मोठ्याने म्हणून बघायचा. त्यांचं घर सोयाबीनच्या एका शेताच्या दक्षिण बांधाला अगदी लागून. त्या शेताची पाळी आली की तो तिला गावात बहिणीकडे पाठवायचा.

त्या दिवशीही पाठवलं होतं. पण दुपारी उत्तरेचा वारा सुटला. इथे उत्तरेचा वारा म्हणजे मागून वादळ, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पाऊस पडला की आठवडाभर चिखलात यंत्र शिरत नाही, म्हणून ओस्मार बांधावर येऊन घाई करत होता. आणि मी सांगत होतो अठरा, बावीस, वीस. नळ बंद.

"त्या भिंगरीचं काय ऐकतोस?" ओस्मार म्हणाला. "घरी कोण आहे तुझ्या?"

"कोणी नाही, मालक. यानिना बहिणीकडे गेलीय."

"मग झाक की ती भिंगरी."

ही युक्ती इथल्या सगळ्या चालकांना ठाऊक आहे. एलिसेओ वर चढला, जरा वेळ माझ्याकडे बघत राहिला, मग डोक्यावरची टोपी काढून त्याने माझ्यावर घातली. आत अंधार आणि घामाचा वास. वाट्या हलेनात. संगणकाने विचारलं, मी शून्य सांगितलं. नळ उघडले.

मला काही दिसत नव्हतं. शेवटच्या फेरीला यंत्र गचकन थांबलं आणि एलिसेओ ओरडला, "तू इथे काय करतेयस?"

"चादरी काढायला आले," यानिनाचा आवाज आला. "दोरीवर राहिल्या होत्या. केवढा वारा सुटलाय, बघ ना."

एलिसेओने धावत वर येऊन टोपी ओढून काढली, तेव्हा मला ती दिसली. तिचे केस ओले होते. छातीशी धरलेल्या चादरीही ओल्या होत्या. पाऊस अजून यायचा होता.

त्याच आठवड्यात बाळ गेलं. मुलगी होती.

पुढे चौकशीला एक सरकारी माणूस आला. त्याने संगणक उघडला, तर त्या दुपारचा वारा शून्य. ओस्मार म्हणाला, साहेब, यंत्र कशाला खोटं बोलेल? अहो, टोपीत वारा नव्हता, तेवढंच मी सांगितलं होतं! पण मला कोण विचारतंय? एलिसेओ तिथेच टोपी हातात चुरगळत उभा होता. माणूस निघून गेला.

संध्याकाळी यानिना यंत्र ठेवायच्या गोठ्यासारख्या शेडमध्ये आली.

"वारा नव्हता म्हणे," ती एलिसेओला म्हणाली. "मग मी घरी परत कशाला आले होते रे?"

तो म्हणाला, "टोपी मी घातली त्याच्यावर." ती टोपी तिनेच विणलेली होती. तिने ती त्याच्या हातातून घेतली, आणि बहिणीकडे गेली ती परत आलीच नाही. एलिसेओही गेला कुठेतरी. त्याची फार आठवण येते, आणि रागही.

आता नवा चालक आहे. त्याला टोपी काढावी लागत नाही. माझ्यासाठी केबिनमध्ये एक रिकामा डबा ठेवलेला असतो. हे बोलतोय तेही डब्याखालूनच. बाहेर नळ चालू आहेत, आणि संगणकाला मी शून्य सांगतोय. तेव्हा एक ऐका माझं. त्या आकड्यावर जाऊ नका. बांधापलीकडे कुणाच्या दोरीवर कपडे वाळत असतील, ते हलतायत का, तेवढं बघा.